सत्राची अखेर आणि दोन रात्रींचे शिबिर : मुलींच्या गटाच्या मार्गदर्शिकांसाठी

मुलींच्या गटाचे सत्र संपत आले की मार्गदर्शिकेच्या वहीत दोन याद्या वाढू लागतात. पहिलीत अर्धवट राहिलेली कामे असतात : कुणाचे प्रथमोपचाराचे पदक एकाच चाचणीसाठी अडलेले असते, कुणाची वर्गणी बाकी असते, तंबूच्या चार खुंट्या कुठे गेल्या ते कुणालाच सांगता येत नाही. दुसऱ्या यादीत करायचे कार्यक्रम असतात : पदकवितरण, मोठ्या मुलींचा निरोप, पालकांची बैठक आणि शिबिर. या याद्या वेगवेगळ्या हाताळल्या की शेवटचा महिना धावपळीत जातो. त्याऐवजी दोन्ही याद्यांतील शक्य तेवढी कामे शिबिराच्या तारखेशी बांधावीत आणि शिबिराचा जास्तीत जास्त भार मुलींवरच सोपवावा, असे माझे मत आहे. वर्षभरात त्या काय शिकल्या हे त्या दोन दिवसांत आपोआप दिसते. वेगळी परीक्षा घ्यावी लागत नाही.

पुढील विवेचन 10 ते 14 वयाच्या 24 मुली, 5 प्रौढ आणि शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार असे शिबिर गृहीत धरून केले आहे. मुली लहान असतील तर एकच रात्र ठेवावी आणि प्रौढांची संख्या वाढवावी.

बारा आठवडे आधी : तारीख आणि जागा

तारीख ठरवताना परीक्षा, सण आणि पावसाचा अंदाज आपण पाहतोच, पण चंद्राकडेही एकदा पाहावे. रात्रीची पायी फेरी ठेवायची असेल तर पौर्णिमेच्या आसपासचा शनिवार सोयीचा, आणि आकाशदर्शन करायचे असेल तर अमावास्येजवळचा. आकाशदर्शनाचा कार्यक्रम भर चांदण्यात ठेवल्यावर मुलींना दाखवायला चार-दोन ठळक ताऱ्यांपलीकडे काही उरत नाही.

जागा प्रत्यक्ष जाऊन पाहावी, आणि शक्य असल्यास संध्याकाळी पाहावी, कारण दिवसा निरुपद्रवी वाटणारा स्वच्छतागृहाकडचा रस्ता अंधारात अवघड असू शकतो. सर्वांत आधी पाण्याचा हिशोब करावा. आपत्तीच्या छावण्यांसाठी माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी हे आंतरराष्ट्रीय मानक मानले जाते. पिणे, स्वयंपाक आणि धुणे-पुसणे हे सारे त्यातच येते. आपल्या 29 जणींना त्या हिशोबाने दिवसाला 435 लिटर लागतील. एवढे पाणी नळाला येते का, टाकीत साठते का आणि ते पिण्यायोग्य आहे का, हे तिथे विचारूनच परतावे. पाण्याबद्दल शंका असेल तर ते खळखळून एक मिनिट उकळावे; 2000 मीटरपेक्षा उंचावर तीन मिनिटे. त्याच मानकात वीस माणसांमागे एक शौचालय सांगितले आहे, पण सकाळी एकाच तासात 24 मुलींना तयार करायचे असेल तर आठ-दहा जणींमागे एक हवे, हे अनुभवी मार्गदर्शिकांना वेगळे सांगायला नको.

त्याशिवाय रात्री सुरू असणारे जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे, मोबाइलला नेमकी कोणत्या कोपऱ्यात रेंज मिळते, गाडी तंबूंपर्यंत येते का आणि जोराचा पाऊस आला तर सर्वांना सामावणारे पक्के छप्पर आहे का, हे लिहून आणावे. तंबूसाठी किंचित उंचवट्यावरची सपाट जागा निवडावी. वर वाळलेल्या फांद्या नसाव्यात, आणि ओढा किंवा तळे असेल तर त्यापासून किमान साठ मीटर अंतर राखावे. उताराच्या पायथ्याची हिरवळ दिसायला सुंदर असते, पण पावसाचे पाणी तिथेच साचते.

दहा आठवडे आधी : तुकड्या आणि त्यांची सभा

सहा-सहा मुलींच्या चार तुकड्या कराव्यात, प्रत्येकीत मोठ्या आणि लहान मुली मिसळाव्यात आणि प्रत्येक तुकडीने आपली प्रमुख निवडावी. ही पद्धत जुनी आहे. 1907 च्या ऑगस्टमध्ये स्काउट चळवळीचे संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर मुलांचे जे प्रायोगिक शिबिर घेतले, त्यातही चार तुकड्याच होत्या. दोन वर्षांनी, 1909 मध्ये, लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथील स्काउटांच्या मेळाव्याला काही मुली न बोलावताच हजर झाल्या आणि आम्हालाही हेच हवे आहे असे त्यांनी सांगितले. पुढच्याच वर्षी बेडन-पॉवेल यांच्या भगिनी अ‍ॅग्नेस बेडन-पॉवेल यांच्या नेतृत्वाखाली मुलींची ‘गर्ल गाइड्स’ ही स्वतंत्र संघटना उभी राहिली. मुलींनी स्वतः मागून घेतलेल्या या परंपरेत शिबिराचा सगळा आराखडा प्रौढांनी आखून हातात ठेवणे मला विसंगत वाटते.

म्हणून चारही प्रमुखांची दर आठवड्याला अर्ध्या तासाची सभा घ्यावी. जेवणाचे बेत, कामांच्या पाळ्या, शेकोटीचा कार्यक्रम आणि शनिवारची दुपार ही त्यांच्या अखत्यारीतील क्षेत्रे. सुरक्षितता, पैसा आणि झोप या तीन बाबतींत अंतिम शब्द मार्गदर्शिकेचा राहील, हे पहिल्याच सभेत स्पष्ट सांगावे. पहिल्या सभेत कल्पनांचा पूर येतो. त्यातील एकही लगेच नाकारू नये. त्यांना तासांचे रकाने आखलेला कागद द्यावा आणि आपल्या कल्पना त्यात बसवायला सांगावे. चौदा खेळ चार तासांत मावत नाहीत, हे मुलींना तो कागद आपल्यापेक्षा लवकर पटवून देतो.

आठ आठवडे आधी : पालक, माहितीपत्र आणि प्रौढांचे नियम

पालकांच्या संमतीपत्रासोबत आरोग्याची माहिती मागवावी : अ‍ॅलर्जी, सुरू असलेली औषधे, दमा किंवा आकडीचा त्रास, पोहता येते का, आहाराचे पथ्य, आणि तातडीच्या संपर्कासाठी दोन वेगवेगळे क्रमांक. झोपेत चालणे, अंथरुणात लघवी होणे आणि पाळी सुरू झाली आहे का, हे प्रश्नही इतर प्रश्नांच्याच सुरात विचारावेत. दहा-अकरा वर्षांच्या काही मुली शिबिराला यायचे टाळतात, त्यामागे बहुधा यांतलेच एखादे कारण असते. माहितीपत्रात तो प्रश्न सहजपणे आलेला पाहून पालकांचे निम्मे दडपण कमी होते. हे कागद एकाच व्यक्तीच्या ताब्यात असावेत आणि त्यातील मजकूर स्वयंपाकाच्या ओट्यापाशी चर्चेला येऊ नये. छायाचित्रांसाठीची संमती वेगळी घ्यावी.

प्रौढांसाठीचे नियम लेखी असावेत. कोणतीही प्रौढ व्यक्ती बंद जागेत एका मुलीसोबत एकटी राहणार नाही. प्रौढांची झोपण्याची जागा स्वतंत्र, पण हाक ऐकू येईल इतकी जवळ असेल. औषधे एका जबाबदार व्यक्तीकडे राहतील आणि दिलेल्या प्रत्येक मात्रेची वेळेसह नोंद होईल. मात्र दम्याचा पंप आणि तीव्र अ‍ॅलर्जीसाठीचे अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन त्या मुलीजवळच, हाताशी असले पाहिजे. पाच प्रौढांपैकी एकीवर कोणत्याही कार्यक्रमाची जबाबदारी टाकू नये. आजारी मुलीजवळ बसणे किंवा गाडी घेऊन निघणे ही कामे ऐनवेळी येतात आणि त्यासाठी मोकळे माणूस लागते. शिबिराबाहेर, घरी थांबणारी एक संपर्कव्यक्तीही ठरवावी. पालकांनी तिच्याशी बोलावे, आणि शिबिरातून रोज ठरलेल्या वेळी तिलाच खुशाली कळवली जावी.

सहा आठवडे ते एक आठवडा : सत्राची कामे हीच शिबिराची तयारी

या टप्प्यावर दोन याद्या एक होतात. प्रथमोपचाराचे पदक अडलेल्या मुलींकडे शिबिराची औषधपेटी तपासण्याचे आणि मुदत संपलेल्या वस्तू बदलण्याचे काम द्यावे. गाठींचे पदक राहिलेल्या मुलींनी शेकोटीजवळच्या कपडे वाळवण्याच्या दोऱ्या आणि भांड्यांचा मांडव बांधावा. वर्षभराचा जमाखर्च दोन मुलींनी मांडावा आणि त्यावरून शिबिरासाठी किती रक्कम उरते ते सभेत सांगावे. वर्गणी बाकी असलेल्या पालकांशी मात्र आपण स्वतः, खाजगीत बोलावे. पैशाअभावी कुणी मागे राहणार नाही याची सोय गटाच्या निधीतून आधीच केलेली असावी.

एका बैठकीत सर्व तंबू उघडून उभे करावेत. खांब, खुंट्या, दोर मोजावेत, फाटलेल्या जागा शिवाव्यात आणि प्रत्येक पिशवीवर तुकडीचे चिन्ह लावावे. पुढच्या बैठकीत प्रत्येक तुकडीने आपला एक बेत शिजवून पाहावा. सहा जणींसाठी किती धान्य लागते याचा अंदाज पहिल्या वेळी नेहमी चुकतो, आणि ती चूक शिबिराआधी झालेली बरी. ज्या मुली घराबाहेर कधीच झोपलेल्या नाहीत, त्यांच्यासाठी गटाच्या नेहमीच्या खोलीत एक रात्रीचा मुक्काम ठेवता आला तर फारच उत्तम. या तालमींवर वेळ खर्च करण्यात मी कधी काटकसर करत नाही. शिबिरातली शांतता इथेच कमावली जाते.

सामान

बॅग मुलीने स्वतः भरावी. आईने भरलेल्या बॅगेतील टॉर्च मुलीला अंधारात सापडत नाही. मुलीने पाठीवर घेऊन चालायचे वजन तिच्या स्वतःच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, म्हणजे 35 किलोच्या मुलीसाठी साधारण साडेतीन ते पाच किलो. अंथरूण-पांघरूण आणि तंबू गाडीतून न्यावेत. कपड्यांचे दोन पूर्ण जोड, झोपण्यासाठी वेगळा कोरडा जोड, उबदार कपडा, पावसाचा कोट, टोपी, बंद बूट आणि जादा मोजे, पाण्याची बाटली, स्वतःचे ताट-वाटी-पेला, टॉर्च आणि सेल, टॉवेल व दात घासण्याचे सामान एवढे पुरेसे आहे. झोपण्याचा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावा आणि दिवसा अंगावर चढवू नये. दिवसभराच्या घामाने ओलसर झालेल्या कपड्यांत झोपणे हे रात्री थंडी वाजण्याचे नेहमीचे कारण आहे.

पाळी सुरू झालेली असो वा नसो, प्रत्येक मुलीच्या बॅगेत एक लहान पिशवी असावी : पॅड, जादा अंतर्वस्त्र आणि वापरलेले गुंडाळायला कागद. सर्वांकडे ती असली की कुणाकडे आहे यावरून कुजबुज होत नाही. प्रत्येक स्वच्छतागृहात झाकणाची कचरापेटी ठेवावी, ती दिवसातून दोनदा रिकामी करण्याचे काम प्रौढांनी करावे, आणि राखीव पॅड कुठे आहेत हे पहिल्याच संध्याकाळी सर्वांना एकदा मोठ्याने सांगावे.

जेवण

दोन रात्रींच्या शिबिरात सहा जेवणे येतात. शुक्रवारचे रात्रीचे जेवण अगदी साधे, एका भांड्यात होणारे आणि अर्ध्या तासात पानात पडणारे असावे, कारण तंबू उभारून दमलेल्या मुली तासभर वाट पाहत नाहीत. महत्त्वाकांक्षी बेत शनिवारी दुपारी ठेवावा. नासणाऱ्या वस्तू आधी वापराव्यात, टिकाऊ रविवारसाठी राखाव्यात.

शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ उघड्या हवेत राहू नये. हवेचे तापमान 32 अंशांच्या वर असेल तर एक तासही पुष्कळ झाला. 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात, त्यामुळे उरलेले अन्न दुसऱ्या दिवशी गरम करून खाण्याचा मोह शिबिरात टाळावा आणि मोजूनच शिजवावे. स्वयंपाकघराच्या तोंडाशी पाणी आणि साबण ठेवून हात धुतल्याशिवाय आत प्रवेश नाही, हा नियम प्रौढांनाही लागू करावा. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलीचे अन्न वेगळ्या भांड्यात, वेगळ्या पळीने आणि सर्वांत आधी करावे. चूल किंवा शेगडी तंबूत कधीही पेटवू नये, पाऊस असला तरीही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो कळत नाही.

प्रत्यक्ष दोन दिवस

सूर्यास्तापूर्वी किमान दोन तास जागेवर पोहोचावे. एकदा आमची बस उशिरा निघाली आणि चारही तंबू टॉर्चच्या उजेडात उभारावे लागले. मुलींनी ते निभावून नेले, पण त्या रात्री शिबिराची हद्द कुठे संपते हे एकीलाही ठाऊक नव्हते, आणि मला पहाटेपर्यंत झोप लागली नाही. तेव्हापासून क्रम पक्का आहे : आधी शिरगणती, मग हद्दीवरून सर्वांची एक फेरी, मग स्वच्छतागृहे आणि पाणी दाखवणे, मग तंबू, आणि शेवटी खेळ. पहिल्या रात्री मुली उशिरापर्यंत जागतात. त्यावर रागावण्यात शक्ती घालवू नये. दिवे मालवण्याची वेळ अर्धा तास पुढे धरावी आणि शनिवारी दुपारी जेवणानंतर सक्तीची विश्रांती ठेवावी.

शनिवारी सकाळी पायी सहल. तिच्या वेळेचा अंदाज विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये मांडलेल्या सोप्या सूत्राने करता येतो : दर 5 किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. 8 किलोमीटर अंतर आणि 300 मीटर चढ असेल तर सुमारे दोन तास सहा मिनिटे होतात. पण हे सूत्र सराव असलेल्या प्रौढ चालणाऱ्यांचे आहे. 24 मुलींसाठी ते दुप्पट करून चार तास थांब्यांसह धरावेत. सर्वांत पुढे एक प्रौढ, सर्वांत मागे एक प्रौढ, आणि सर्वांत सावकाश चालणारी मुलगी पुढच्या प्रौढाच्या लगेच मागे. तिच्या गतीने रांग चालली की मागे कुणी तुटत नाही आणि थांब्यावर पोहोचताक्षणी तिला पुन्हा निघावे लागत नाही.

दुपारचा निदान दीड तास काहीही न ठरवता मोकळा सोडावा. नवख्या मार्गदर्शिकांना ही रिकामी जागा अस्वस्थ करते; पण मैत्रीची, भांडणे मिटण्याची आणि स्वतः शोधलेल्या खेळांची वेळ तीच असते. त्या वेळी प्रौढांनी दृष्टीच्या टप्प्यात राहावे आणि बोलावल्याशिवाय जाऊ नये.

रात्रीची शेकोटी हा सत्राचा समारोप. शेकोटीभोवतीची तीन मीटरची जागा पालापाचोळा काढून साफ करावी, पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवाव्यात आणि आगीजवळ नायलॉनचे सैल कपडे घालू देऊ नयेत. कार्यक्रम मोठ्या आवाजात सुरू व्हावा आणि हळूहळू शांत होत जावा : आधी हातवाऱ्यांची गाणी आणि नकला, मग गोष्ट, मग संथ गाणी. निखारे उरले की पदके द्यावीत. प्रत्येक मुलीसाठी मार्गदर्शिकेने एकच वाक्य आधी लिहून आणावे, आणि ते फक्त तिलाच लागू पडेल असे असावे. “तू छान काम केलेस” हे चोविसांनाही म्हणता येते. “पावसात सगळ्या निघून गेल्या तेव्हा तू एकटी थांबून दोर गुंडाळलेस” हे एकीलाच म्हणता येते. वरच्या गटात जाणाऱ्या मुलींनी आपले काम ज्यांच्याकडे सोपवायचे आहे, त्यांच्या हाती तुकडीचे निशाण द्यावे. भाषणे नकोत. आग विझवताना पाणी ओतावे, राख ढवळावी, पुन्हा ओतावे आणि हाताची पालथी बाजू जवळ नेऊन ऊब उरली नाही ना हे पाहूनच जागा सोडावी.

अडचणी आल्यास

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत 30 सेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागला, तर सर्वांनी तंबू सोडून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे बाहेर पडू नये. भाजल्यास ती जागा वाहत्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटे धरावी. बर्फ, पेस्ट किंवा तूप लावू नये. जुलाब किंवा उलट्या झाल्यास क्षारसंजीवनीची पुडी सांगितलेल्या प्रमाणात विरघळवून द्यावी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, अगदी मोजून. मुलगी पाणीही पोटात ठेवू शकत नसेल तर रुग्णालयात न्यावे. मुलगी दिसेनाशी झाली तर शिटीच्या ठरलेल्या खुणेने सर्वांना एका जागी बसवावे, शिरगणती करावी आणि फक्त प्रौढांनी जोडीने शोध घ्यावा. शोधासाठी मुलींना पांगवले की हरवलेल्यांची संख्या वाढू शकते.

घरची आठवण हा शिबिरातील सर्वांत नेहमीचा त्रास आहे आणि तो बहुतेक वेळा रात्री अंथरुणावर पडल्यावर उफाळतो. “त्यात रडायचे काय” असे म्हणू नये. तिचे ऐकावे, कोमट काहीतरी प्यायला द्यावे, आणि सकाळी करायचे एखादे नेमके काम तिच्यावर सोपवून झोपायला सांगावे. लगेच घरी फोन लावून दिला तर रडू सहसा वाढते. पण सकाळीही ती तितकीच खिन्न असेल तर संपर्कव्यक्तीमार्फत पालकांना कळवून निर्णय त्यांच्यासोबत घ्यावा.

परतताना आणि परतल्यावर

रविवारी न्याहारीनंतर नवा कार्यक्रम नको. अंथरुणे उन्हात घालावीत, तंबू आतून झाडावेत, तुकड्यांनी आपापली जागा शोधून कचरा उचलावा आणि सापडलेल्या मोज्यांचा लिलाव करावा. हसत-हसत बहुतेक मोजे मालकिणींकडे परततात. प्रत्येक मुलगी कुणासोबत घरी गेली याची नोंद संमतीपत्रावरील नावाशी पडताळून करावी, आणि शेवटची मुलगी जाईपर्यंत दोन प्रौढांनी थांबावे.

ओले तंबू गुंडाळून ठेवले तर दोन-तीन दिवसांत बुरशी धरतात, म्हणून सोमवार उजाडायच्या आत ते कुणाच्या तरी गच्चीवर किंवा अंगणात पसरलेले असले पाहिजेत. आठवड्याच्या आत हिशोब पूर्ण करून पालकांना पाठवावा, आरोग्याची माहितीपत्रे गटाच्या नियमाप्रमाणे जपावीत किंवा नष्ट करावीत, आणि तुकडीप्रमुखांची एक शेवटची सभा घ्यावी. तिथे दोनच प्रश्न विचारावेत : पुढच्या वेळी काय नको, आणि कशाला वेळ कमी पडला. उत्तरे त्यांच्याच शब्दांत, कोणतीही दुरुस्ती न करता वहीत उतरवावीत, कारण पुढच्या सत्रातील प्रमुखांच्या पहिल्या सभेत तेच पान वाचायचे आहे.